गरम झाली की बंद

किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही हो, ते आपोआप साचतात. त्यातही प्रत्येक गाडीचा किस्सा होत नाही. सर्व्हिसिंगला आली, ऑइल बदललं, गेली. तिचा कसला किस्सा? क्लच घासला, नवा टाकला, गेली. लक्षात राहतात त्या गरम-बंद गाड्या.

गरम-बंद हा आमच्या गॅरेजचा शब्द. म्हणजे घरून निघताना गाडी ठणठणीत असते. तीस-चाळीस किलोमीटर झकास पळते. इंजिन तापलं की रस्त्यातच गप्प! किल्ली मारा, सेल्फ फिरतो, पण गाडी उठत नाही. वीस मिनिटं थंड होऊ द्या, की पुन्हा चालू. आणि गॅरेजमध्ये आणली की कशी उभी राहते माहितीये? बघायला आलेल्या पाहुण्यांसमोर मी बसायचे तशी. मान खाली, एकदम गुणी!

आम्ही तिघं. गफारभाई, म्हणजे उस्ताद, वय पासष्टच्या पुढं. नागनाथ, उदगीरकडचा, अर्धा मराठी अर्धा कानडी. आणि मी वैशाली. ऑटोमोबाइलचा डिप्लोमा केला तेव्हा वर्गात एकटी मुलगी होते. नांदेडला देगलूर नाक्याकडं उस्तादांचं पत्र्याचं शेड आहे. तिथं माझं काम स्कॅनर, म्हणजे गाडीतला बिघाड दाखवणारं मशीन, लावायचं आणि जॉब कार्ड लिहायचं. जॉब कार्ड म्हणजे गाडीचा केसपेपर समजा.

*

माझा पहिला आठवडा. मुदखेडचे एक रिटायर्ड तलाठी गाडी घेऊन आले. गरम-बंद. तीन मेकॅनिक करून झाले होते. कॉइल नवी, प्लग नवे, पंप नवा. आजार तोच!

मी मोठ्या ऐटीत स्कॅनर लावला. नवा होता, नवलाई होती.

उस्तादांनी विचारलं, "मशीन क्या बोली?"

"काहीच नाही. सगळं ओके दाखवतंय."

"अच्छा. तो फिर गाडी कूच पूछते."

आम्ही तिघं आणि तलाठी असे चौघं गाडीत बसलो. भर मे महिना. विष्णुपुरीच्या धरणापर्यंत गेलो, परत आलो. काही नाही. पुन्हा गेलो. दुसऱ्या चकरेत परत येताना गाडीनं दोन आचके दिले आणि बसली.

तलाठी बोनेट उघडायला धावले. उस्ताद मात्र शांतपणे उतरून मागं गेले आणि पेट्रोल टाकीचं झाकण फिरवलं. फुस्स्स! असा आवाज आला की मी दचकलेच. झाकण उघडंच ठेवून त्यांनी नागनाथला किल्ली मारायला सांगितली. गाडी चालू!

तलाठ्यांनी कधीतरी बाजारातून दुसरं झाकण आणलं होतं. त्यातून हवा आत जायची सोयच नव्हती. पेट्रोल संपत जायचं, आत पोकळी व्हायची, आणि पंपाला काही ओढता यायचं नाही.

उस्ताद म्हणाले, "साहब, गाडीचा दम घुटत होता. आन तुम्ही तिचं काळीज बदलत बसले!"

तलाठी हसले नाहीत. घाम पुसत म्हणाले, "घरी पण असंच झालं हो." एवढंच. आम्हीही पुढं विचारलं नाही.

*

माहूरच्या घाटात जीप चालवणारा एक ड्रायव्हर होता, संजय नावाचा. भाविकांना वर देवीला न्यायचा, खाली आणायचा. दिवसाला सहा-सात फेऱ्या. त्याची जीप घाटातल्या एकाच वळणावर बंद पडायची. रोज नाही, पण पडली की तिथंच!

भाविक खाली उतरायचे. कुणी म्हणायचं देवीनं थांबवलं, कुणी म्हणायचं गाडीत कुणीतरी नवस फेडायचं विसरलंय. नारळ फुटायचा. हात जोडायचे. वीस मिनिटांनी जीप चालू व्हायची. मग तर काय, जयजयकार!

त्याच्या मालकानं वैतागून गाडी आमच्याकडं पाठवली. नागनाथनं दोन दिवस खाली झोपून शोधलं. डिझेल बंद-चालू करणाऱ्या व्हॉल्व्हची वायर सायलेन्सरच्या पाइपला टेकत होती. घाटात पाइप तापला की वायर मऊ पडायची, आणि त्या वळणाला गाडी कलली की आतून सुटायची, थंड झाली की पुन्हा जुळायची. नागनाथनं नवी वायर ओढली, लांबून नेली, बांधून टाकली.

"आता देवीनं धरली तरी थांबत न्हाई बघ," म्हणाला.

महिन्याभरानं संजय फिल्टर बदलायला आला. मी विचारलं, "काय म्हणते जीप?"

"चालून राहिली ताई. लई मस्त."

"मग तोंड का असं?"

तो पाना हातात फिरवत बसला. मग म्हणाला, "न्हाई... ते वीस मिनिटं होते ना, त्यात मला कोणी 'चल' म्हणत नव्हतं. दिवसात तेवढेच."

नागनाथ माझ्याकडं बघायला लागला. मग संजयला म्हणाला, "वायर पुन्हा तशीच करून देऊ का बा?"

संजय हसला. डोळ्यांत पाणी होतं त्याच्या. "नको. मालकाला कळंल."

*

किनवटकडून एक बाई आल्या होत्या. मुलींच्या निवासी शाळेच्या वसतिगृहाच्या अधीक्षक. सोबत शाळेची पेट्रोल व्हॅन. पोरींना दवाखान्यात नेण्यासाठी, बाजारासाठी, गावी सोडण्यासाठी तीच एक गाडी. जंगलातला रस्ता, आणि ही गरम-बंद!

बाईंनी पर्समधून एक वही काढून माझ्यासमोर ठेवली. अशी वही मी आजवर पाहिली नाही. गाडी जेवढ्या वेळा बंद पडली तेवढ्या नोंदी. किती किलोमीटरला, ऊन होतं की ढग, आत किती जणी, टाकीचा काटा कुठं होता, किती मिनिटांनी चालू झाली. आणि शेवटच्या रकान्यात: थांबलो तेव्हा काय केलं.

उस्तादांनी चष्मा लावून दोन पानं वाचली. बोनेटला हातसुद्धा लावला नाही.

"टाकीतला पंप. काटा अर्ध्याखाली गेला की पंप पेट्रोलच्या बाहेर उघडा पडतो, मंग तापतो. बेटी, देख, हर बार काटा नीचेच है!"

खरंच की! एकूण एक नोंदीत काटा अर्ध्याखाली. उस्ताद बाईंना म्हणाले, "मॅडम, आप गॅरेज खोल दो. मैं आपके पास नौकरी करता."

पंप बदलेपर्यंत मी ती वही चाळत बसले. शेवटचा रकाना वाचत गेले. "टेंभुर्णीची फळं खाल्ली." "पोरींनी कविता म्हटल्या." "माकडं आली. आम्ही काचा लावून बसलो." मध्येच एक नोंद होती: "सतरावा किलोमीटर. कडक ऊन. अठरा मिनिटं. जमुना बोलली."

मी विचारलं, "जमुना कोण?"

"सहावीतली. आईवडील गेले, मामानं आणून सोडली. जूनपासून एक शब्द बोलली नव्हती. डॉक्टर झाले, सगळं झालं. त्या दिवशी गाडी बंद पडली आणि ही खिडकीतून बाहेर बघत म्हणाली, 'आमचं गाव असंच दिसते.'"

"आणि मग?"

"मग गाडी चालू झाली," बाई म्हणाल्या.

*

लातूरहून क्लासेसवाले एक फिजिक्सचे सर आले होते. गरम-बंदच! गाडी नुसती चालू ठेवून त्यांनी आम्हाला शेडच्या पत्र्यावर खडूनं आकृत्या काढून समजावलं. धातू तापला की प्रसरण कसं होतं, रोध कसा वाढतो. अर्धा तास! इतकं छान शिकवलं की नागनाथनं दोन शंकाही विचारल्या. सर तिसरी आकृती काढत होते आणि मागं गाडी बंद पडली.

उस्ताद म्हणाले, "सर, तुमची गाडी पास झाली. तुमचं सगळं बरोबर हाय."

पत्र्यावरच्या त्या आकृत्या अजून आहेत. पुसायला हात धजत नाही.

*

आता उस्तादांचं सांगते.

उस्ताद गाडी कानानं तपासायचे. लांब दांड्याचा स्क्रू-ड्रायव्हर इंजिनवर टेकवायचा, मूठ कानाला लावायची, डोळे मिटायचे. मग सांगायचे, तिसऱ्या सिलिंडरला बघा. उघडलं की तिसऱ्यालाच असायचं!

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. एक जीप आली. इंजिनच्या डोक्यावरचे टॅपेट इतके टकटक वाजत होते की रस्त्यावरच्या चहावाल्यालाही ऐकू येत होते. उस्तादांनी स्क्रू-ड्रायव्हर टेकवला. डोळे मिटले. बराच वेळ ऐकलं.

"आवाज साफ है," म्हणाले.

गाडीचा मालक त्यांच्याकडं बघायला लागला. मी नागनाथकडं बघितलं.

नागनाथ तसा उतावळा माणूस, पण त्या वेळी काय सुचलं त्याला कोण जाणे. म्हणाला, "हौ उस्ताद, साफच हाय. तरी एकदा टॅपेट बघू का? काम नाही तर माझे हात खाजून राहिले."

"देख ले," उस्ताद म्हणाले.

तेव्हापासून आमचं असंच सुरू झालं. उस्ताद ऐकायचे, काहीतरी सांगायचे. आम्ही 'हौ' म्हणायचो आणि जे खरं असेल ते गुपचूप करायचो. गाडी नीट झाली की मी म्हणायचे, "उस्ताद, तुम्ही म्हणालात तेच निघालं." त्यांच्या मुलीनं कानाचं मशीन आणून दिलं होतं. ते डबीसकट शर्टाच्या खिशात असायचं. कानात कधी दिसलं नाही.

असं सात-आठ महिने चाललं. एकदा दुपारी डबा खाताना उस्ताद अचानक म्हणाले, "तुम लोग बहुत झूट बोलते."

मी पाण्याची बाटली शोधायला लागले.

"पर अच्छा बोलते," म्हणाले. भाकरीचा तुकडा मोडला, भाजीला लावला, तसाच ठेवला. "इंजिनां का आवाज मेरे कू अभी भी याद है बेटी. एक-एक गाडी का. आदमियां का भूल रहा हूं. कल सुबह से अम्मी का आवाज याद कर रहा. नहीं आ रहा."

नागनाथ उठून हात धुवायला गेला, तो बराच वेळ आलाच नाही.

*

शेवटचा माझा स्वतःचा. हा मी आजवर फार कुणाला सांगितला नाही.

शुक्रवार होता. उस्ताद नमाजला गेले होते, नागनाथ बहिणीच्या घरी उदगीरला. मी एकटी आणि दारात तीन गाड्या. लातूरचे एक रिटायर्ड ड्रॉइंगचे सर आणि त्यांची बायको आले. मुलीकडं नांदेडला आले होते. येताना लोह्याजवळ गाडी बंद पडली, वीस मिनिटांनी चालू झाली. "याआधी पण एकदा असं झालंय," सर म्हणाले. "परत जायच्या आधी बघा म्हटलं."

काकू प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसल्या. माझे हात बघून म्हणाल्या, "माय, हे काळं निघतं का गं? गोडं तेल अन् साखर चोळत जा." मग माझं गाव, लग्न, आई, सगळं विचारून घेतलं. पिशवीतून शेंगदाण्याचा लाडू काढून दिला. हात काळे म्हणून स्वतःच तोंडात भरवला.

मी स्कॅनर लावला. स्वच्छ. गाडी घेऊन गोदावरीच्या पुलापर्यंत गेले, परत आले. पंधरा मिनिटं. झकास चालली. बाकीच्या गाड्यांचे मालक घड्याळ दाखवत होते. गरम-बंद गाडीत चाळीस मिनिटं बसायचं असतं, हे मला पहिल्या आठवड्यात शिकवलेलं. मी बसले नाही. जॉब कार्डवर लिहिलं: फॉल्ट नाही. सही केली.

सर 'थँक यू' म्हणाले. काकूंनी खिडकीतून हात हलवला.

अडीच महिन्यांनी सर एकटे आले. गाडी दुसऱ्या गाडीला बांधून, टोचन करून आणली होती. लातूरहून इथवर! दाढी वाढलेली. मी हसून विचारलं, "काकू कशा आहेत?"

त्यांनी खिशातून ते कार्ड काढून टेबलावर ठेवलं. मग सांगितलं. निलंग्याकडं एका लग्नाला गेले होते. दुपारी जेवताना काकूंच्या छातीत दुखायला लागलं. कुणाची वाट न बघता सरांनी त्यांना गाडीत घातलं आणि लातूरकडं निघाले. लामजन्याच्या पुढं गाडी बंद पडली. फोन केले, अ‍ॅम्ब्युलन्स निघाली होती, पण लांब होती. ऊन, रस्ता मोकळा. शेवटी एक टेम्पो थांबला. दवाखान्यात पोचले, पण उपयोग झाला नाही.

मला वाटलं आता हे कार्ड माझ्या तोंडावर मारतील. मारायलाच पाहिजे होतं.

पण सर काय म्हणाले, ऐका.

"तुम्ही तर लिहिलंय फॉल्ट नाही. म्हणजे गाडी चांगली होती. मग माझंच काय चुकलं, एवढं मला सांगा. दुरुस्त नका करू. मी एसी लावला होता, तिला घाम येत होता म्हणून. त्यानं झालं का? मी फार जोरात नेली का?"

उस्तादांनी त्यांना खुर्ची दिली. पाणी दिलं. आणि मला म्हणाले, "चल बेटी, बैठ गाडी में."

उस्ताद, नागनाथ, मी. काचा वर, एसी चालू, रिंग रोडनं चकरा. मी घड्याळाकडं बघत होते. एकेचाळिसाव्या मिनिटाला गाडी बंद पडली. नागनाथनं बोनेट उघडलं, इंजिन फिरतंय हे सांगणाऱ्या क्रँकच्या सेन्सरवर बाटलीतलं थंड पाणी ओतलं. किल्ली मारली. त्याच क्षणी चालू!

अंगठ्याएवढा सेन्सर. तापला की मरतो, थंड झाला की जिवंत होतो. स्कॅनरला सांगतही नाही.

परत आल्यावर नागनाथनं सेन्सर काढून सरांच्या हातावर ठेवला. सर त्याच्याकडं बघत राहिले. उस्ताद म्हणाले, "सर, सेन्सर बता के थोडीच जाता..."

उस्ताद खोटं बोलत नव्हते. माझी चूक झाकायला बघत होते. पण ते अर्धंच होतं. मी मध्येच बोलले.

"सर, तुमचं काही चुकलं नाही. एसीनं झालं नाही. जोरात नेल्यानं झालं नाही. मी त्या दिवशी गाडीत चाळीस मिनिटं बसायला पाहिजे होतं. बसले असते तर सापडलं असतं. मी पंधरा मिनिटांत परत आले. हे कार्ड मी चुकीचं लिहिलंय."

सरांनी सेन्सर उलटा केला, सुलटा केला.

"म्हणजे एसीनं नाही?" त्यांनी पुन्हा विचारलं.

"नाही सर."

"मग बरं," म्हणाले. "एसी लावल्यावर तिला जरा बरं वाटलं होतं."

मग नागनाथला नवा बसवायची खूण केली. नागनाथनं नवा सेन्सर बसवला. जाताना सर रागावले नाहीत, माफ केलं असंही म्हणाले नाहीत. गाडी चालू केली आणि गेले. त्या दिवशी मी घरी आईला म्हटलं, मी आता जात नाही गॅरेजला. चार दिवस गेलेही नाही. पाचव्या दिवशी उस्ताद स्वतः घरी आले, दारात उभे राहून म्हणाले, "तेरा स्कॅनर हम दोनों को नहीं आता." गेले मी.

सहा महिन्यांनी सर परत आले. मी शेडच्या मागं जाऊन उभी राहिले, पण त्यांनी नाव घेऊन हाक मारली. सर्व्हिसिंग होतं. मीच केलं. झाल्यावर सर गाडीत बसले, इंजिन चालू केलं, एसी लावला आणि बाजूचं दार आतून उघडलं. मला म्हणाले, "बस."

मी बसले. चाळीस मिनिटं. गाडी बंद पडली नाही. मग "येतो" म्हणाले आणि लातूरला गेले.

आता दर सहा महिन्यांनी येतात. कधी बोलतात, कधी नाही. एकदा काकूंच्या हातच्या आंबाडीच्या भाजीचं सांगत बसले होते. एकदा नुसतेच समोर बघत होते.

परवा आले तेव्हा उस्तादांना राहवलं नाही. म्हणाले, "सर, लातूर में इतने गॅरेज हैं. एक से एक बढ़िया. इतना लंबा काहे कू आते?"

सर सीटबेल्ट लावत होते. माझ्याकडं हात करून म्हणाले,

"हिनं तिला पाहिलंय."